धागा: थंड पाण्यातल्या बुडालेल्या जहाजांवर डाइव्हिंग – खान्देशातून स्कापा फ्लोची तयारी

पांझराकाठ (धुळे)

मंडळी, धुळे-जळगावच्या पाच जणांचा पुढल्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या ऑर्कनी बेटांवर, स्कापा फ्लोला (बेटांनी वेढलेल्या उपसागराला) जायचा बेत ठरतोय. पाचही जण ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्सचे (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचे) कोर्स केलेले, पण सगळं डाइव्हिंग मालवण, नेत्राणी, अंदमानचं, म्हणजे 27-28 अंशांच्या पाण्यातलं. तिथे पाणी 12-13 अंश, तळ 25 ते 45 मीटरवर आणि खाली शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धनौका. ड्रायसूट (आत पाणी येऊ न देणारा सूट) एकाकडेच आहे.

7 मिलिमीटरच्या वेटसूटवर (निओप्रीन या रबरी फोमच्या, आत पाणी शिरणाऱ्या सूटवर) भागेल का? 12 लिटरचा एक टँक पुरेल का? सराव कुठे करायचा: गिरणा, हतनूर, की मळ्यातली मोठी विहीर? आणि जहाजाच्या आत शिरायचं की बाहेरूनच बघायचं? जाणकारांनी हातचं न राखता लिहावं. उद्या खान्देशातून आणखी कोणी निघालं तर त्यालाही धागा कामी येईल.

नाना_रावेर

पांझरादादा, आधी खाली काय आहे ते नीट समजून घ्या, बाकीची तयारी त्यावरून ठरते.

पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची 74 जहाजं स्कापा फ्लोमध्ये नजरकैदेत ठेवली होती. 21 जून 1919 रोजी रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटरच्या हुकुमावरून खलाशांनी आपल्याच जहाजांच्या झडपा उघडल्या आणि 52 जहाजं तळाला गेली. 1924 पासून अर्नेस्ट कॉक्सने आणि पुढे इतरांनी त्यातली बहुतेक वर काढून भंगारात विकली. आज डाइव्ह करण्याजोगी मोठी सात उरली आहेत. क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन बॅटलशिप. ब्रुमर, क्योल्न, ड्रेस्डेन आणि कार्लस्रूह या चार हलक्या क्रूझर.

क्रूझर कुशीवर पडल्या आहेत. कार्लस्रूह सगळ्यांत उथळ, तळ 25 मीटरच्या आसपास. बाकीच्या तिघी 35 च्या आगेमागे. बॅटलशिपचा तळ 38 ते 45 मीटर आणि मार्कग्राफ सर्वांत खोल. बॅटलशिप पूर्ण उलट्या आहेत. तोफांच्या बुरुजांचं वजन वर होतं, म्हणून बुडताना जहाज पालथं झालं आणि बुरूज गाळात रुतले. वरून उतरणाऱ्याला आधी दिसतो तो जहाजाचा बुडखा. हे डोक्यात पक्कं नसेल तर 38 मीटरवर माणूस गोंधळतो. आतली जमीन छताला असते, दारं उलटी असतात, जिन्याच्या पायऱ्या डोक्यावर लटकतात. क्रोनप्रिन्झ विल्हेल्मच्या कडेखाली 30.5 सेंटिमीटरच्या तोफा दिसतात, पण त्यासाठी हजारो टन लोखंडाच्या सावलीत जावं लागतं.

पहिल्या दिवशी कार्लस्रूह किंवा एफ2 नावाचं छोटं जहाज (17-18 मीटर). मग क्योल्न, ब्रुमर, ड्रेस्डेन. बॅटलशिप आठवड्याच्या शेवटी, तेही सगळ्यांचे ड्रायसूट अंगवळणी पडले असतील तरच. रोज दोन डाइव्ह असतील तर खोल ती सकाळी. आतल्या बाजूला भरती-ओहोटीचा जोर फारसा जाणवत नाही, त्यामुळे आरमाराच्या जहाजांवर कुठल्याही वेळी उतरता येतं. बुरा साउंडमधल्या जहाजांचं तसं नाही. टबार्का, डॉयल ही वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली जहाजं, आणि तिथे पाणी थांबतं तेवढ्याच वेळात डाइव्ह करायचं असतं.

एचएमएस रॉयल ओकच्या जवळपासही जायचं नाही. 14 ऑक्टोबर 1939 रोजी जर्मन पाणबुडी यू-47 ने ती बुडवली, आठशेहून अधिक माणसं गेली. ती युद्धसमाधी आहे, डाइव्हला कायद्याने बंदी आहे. जर्मन जहाजंही संरक्षित स्मारकं आहेत. बघायला मोकळीक आहे, पण पितळेचा एक खिळा उचलला तरी तो गुन्हा.

ताई_चोपडा

सूटबद्दल मी लिहिते.

वेटसूट नको, दादा. 7 मिलिमीटरचं निओप्रीन पृष्ठभागावर 7 मिलिमीटर असतं. त्याची ऊब त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांची. 35 मीटरवर दाब साडेचार पट होतो, बुडबुडे दबतात आणि जाडी निम्म्याहून कमी उरते. म्हणजे थंडी सर्वांत जास्त जिथे, तिथेच पांघरूण सर्वांत पातळ. वर दुसऱ्या डाइव्हला तोच ओला सूट वाऱ्यात पुन्हा चढवायचा.

ड्रायसूट दोन जातींचे. ट्रायलॅमिनेट म्हणजे पातळ तीनपदरी कापड. ते स्वतः ऊब देत नाही, ऊब आतल्या अंडरसूटची. दुसरा दाबलेल्या निओप्रीनचा. त्याची थोडी ऊब स्वतःची, पण जड आणि वाळायला वेळ घेणारा. आपल्याकडून विमानाने न्यायचा तर ट्रायलॅमिनेट बरा. 12-13 अंशांना 200 ते 300 ग्रॅम प्रति चौरस मीटरचा अंडरसूट आणि आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर. मार्च-एप्रिलमध्ये पाणी 6-7 अंशांवर असतं, तेव्हा 400 चा. सुती बनियन आणि सुती मोजे अजिबात नकोत. घामाने ओले झाले की अंगातली ऊब शोषत राहतात.

हूड 7 मिलिमीटरचा. हातमोज्यांत ड्रायग्लोव्ह उत्तम, पण मनगटाची रिंग नीट बसते का ते आधीच तपासा. सूटच्या सीलखालून एक बारीक दोरा किंवा नळी घ्यायची, म्हणजे हवा मोज्यात जाते आणि खोलवर मोजा बोटांना आवळत नाही.

आता ड्रायसूट कुठे दगा देतो ते. पहिलं, उतरताना हवा घातली नाही तर सूट अंगाला आवळतो, कातडीवर वळ उठतात, श्वास अडखळतो. थोडी थोडी हवा घालत उतरायचं. दुसरं, हवा पायांकडे गेली की पाय वर आणि डोकं खाली. डाव्या खांद्याचा डंप व्हॉल्व (हवा सोडायची झडप) मग खालच्या बाजूला येतो आणि हवा बाहेर पडतच नाही. गुडघे छातीशी घ्या, जोरात लोळण घेऊन सरळ व्हा, डावा खांदा सर्वांत वर आणा, डंप उघडा. तिसरं, इन्फ्लेटरचं (सूटमध्ये हवा भरायचं) बटण अडकलं तर आधी होज (हवेची नळी) काढायची, मग हवा सोडायची. होजचा कपलर (जोड) मोजा घालून काढता येतो का हे टाकीतच पाहून घ्या. पुष्कळांना येत नाही, कारण त्याची कडा फार बारीक असते. मोठ्या कडेचा कपलर मिळतो, तो बसवा.

वजनाचा अंदाज मालवणवरून बांधू नका. तिथे 3-4 किलोवर भागतं. इथे अंडरसूटमधली हवा बुडवायला त्याच्या कितीतरी पट लागतं, पण स्टीलचे दोन टँक पाठीवर असले की शिसं बरंच कमी होतं. वजन तपासायचं ते टँक रिकामे होत आलेले असताना, 50 बारवर (1 बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब), 5-6 मीटरवर, सूटमध्ये कमीत कमी हवा ठेवून. दोन 12 लिटरचे टँक 230 वरून 50 बारवर येईपर्यंत आतली सुमारे 5 किलो हवा संपलेली असते. सुरुवातीला जड वाटतं ते त्या हवेचं ओझं. हलकं वाटावं म्हणून शिसं काढलं तर शेवटच्या स्टॉपला (वर येताना थांबायच्या जागी) माणूस बुचासारखा वर जातो.

भुसावळ_फिटर

ताईंनी सूट मांडला, मी रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा श्वासाच्या दाबावर आणणारं यंत्र, मांडतो.

थंड पाण्यात रेग्युलेटर गोठतो म्हणजे नेमकं काय होतं? टँकमधली 200 बारची हवा पहिल्या स्टेजमध्ये (टँकच्या तोंडाशी बसणाऱ्या भागात) एका झटक्यात 9-10 बारवर येते. दाब असा उतरला की हवा गार होते, शून्याच्या बरीच खाली. धातू गार पडतो. बाहेरचं पाणी 10 अंशांखाली असेल तर धातूला परत तापवायला त्यात ऊब पुरत नाही. स्प्रिंगच्या खोलीत पाणी असेल तर त्याचा बर्फ होतो आणि झडप उघडीच अडकते. मधला दाब चढत जातो, तो सेकंड स्टेजला (तोंडात धरायच्या भागाला) पेलवत नाही आणि हवा धो धो वाहू लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. वाहणारी हवा आणखी गार करते, म्हणून हे आपोआप थांबत नाही. दुसरा प्रकार सेकंड स्टेजमध्ये: उच्छ्वासातली वाफ लिव्हरपाशी गोठते.

म्हणून स्प्रिंगच्या खोलीत पाणी शिरत नाही असा, सीलबंद डायफ्रामचा पहिला स्टेज घ्या. युरोपच्या ईएन 250 मानकात थंड पाण्याची चाचणी 4 अंशांला होते. ज्या रेग्युलेटरवर '>10°' अशी खूण असते तो त्या चाचणीतून गेलेला नाही, तो आपल्या मालवणपुरता. आधी खूण बघा, मग किंमत.

सर्व्हिसला देताना मधला दाब कंपनीने दिलेल्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला ठेवायला सांगा. घरी इंटरमीडिएट प्रेशरचा छोटा गेज बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) होजला लावून बघता येतं. टँक उघडा, दोन-तीन वेळा पर्ज (सेकंड स्टेजमधून हवा सोडायचं बटण) दाबा, काटा एका ठिकाणी थांबला पाहिजे. तो हळूहळू वर सरकत असेल तर सीट (झडपेची बैठक) गेली आहे. गरम पाण्यात अशी सीट महिनोन्‌महिने ओढते, थंडीत तीच आधी फ्री-फ्लो देते.

वापरतानाची काळजीही तितकीच. बोटीवर वाऱ्यात रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघायचा नाही, पर्ज दाबून दाखवायचं नाही. श्वासाची तपासणी तोंड पाण्याखाली गेल्यावर. बीसीडी आणि सूट एकाच वेळी फुगवू नका, आणि एकदाच लांब बटण न दाबता तुटक तुटक दाबा. पहिल्या स्टेजवरून एकदम जास्त हवा ओढली की गारवा वाढतो.

सप्टेंबरच्या 12-13 अंशांना धोका कमी आहे, हे खरं. पण 12 अंशांत केलेली सवय पुढे एप्रिलच्या 6 अंशांत किंवा एखाद्या खाणीच्या 4 अंशांत सोबत येते. पहिल्यापासून तीच सवय लावा.

केळीपट्टा

फिटरभाऊ, फ्री-फ्लो सुरू झाला तर करायचं काय? आणि दुसरा प्रश्न, सरावासाठी टँक भरायला इकडे जवळ काही नाही. ऑक्सिजन सिलिंडरच्या डेपोवर भरून मिळेल का?

भुसावळ_फिटर

दुसऱ्याचं आधी: नाही, अजिबात नाही. तिथला ऑक्सिजन शुद्ध असतो आणि शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली झटके आणतो. झटके पाण्यात आले की माणूस बुडतो. शिवाय डाइव्हच्या टँकचा व्हॉल्व, ओ-रिंग आणि ग्रीस शुद्ध ऑक्सिजनसाठी साफ केलेले नसतात, पेट घेऊ शकतात. औद्योगिक हवेचीही भानगड नको, तिच्यात तेल आणि कार्बन मोनॉक्साइड किती ते कोणी तपासत नाही. श्वसनाच्या हवेचा कंप्रेसर, वेळच्या वेळी बदललेला फिल्टर आणि टँकवर चालू मुदतीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), हे तिन्ही असेल तिथेच भरा. आपल्या उन्हाळ्यात फिल्टर लवकर दमतो हेही लक्षात असू द्या. गरम हवेत ओलावा जास्त, आणि टँकमधला ओलावाच पुढे थंडीत गोठतो.

फ्री-फ्लोचं उत्तर आधीच पाठीवर असलं पाहिजे. दोन वेगळे व्हॉल्व आणि त्यावर दोन वेगळे पहिले स्टेज. वाहणाऱ्या बाजूचा व्हॉल्व बंद करा, दुसऱ्या सेकंड स्टेजवर जा, बडीला (जोडीदाराला) खूण करा, डाइव्ह तिथेच संपवा. थोड्या वेळाने बर्फ वितळल्यावर व्हॉल्व पुन्हा उघडता येतो, पण तो वर येण्यासाठी, पुढे जाण्यासाठी नाही. एकच व्हॉल्व, एकच पहिला स्टेज असेल तर बंद करायला काही नसतं. काही मिनिटांत टँक संपतो आणि तोवर बडीच्या ऑक्टोपसवर (जादा सेकंड स्टेजवर) असायला हवं.

हात मागे नेऊन व्हॉल्व फिरवता येत नसेल तर दोन टँकांचा उपयोग नाही. जाड अंडरसूटमध्ये खांदा वळत नाही, म्हणून सराव पूर्ण पेहरावात.

शिरपूरकर

एका टँकचं गणित मांडतो, म्हणजे वाद राहणार नाही.

समजा 35 मीटर, दाब 4.5 बार. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस तिथे 90 लिटर ओढतो. आता राखीव किती? एकाची हवा संपली, दोघं एकाच टँकवर, दोघेही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी 30, मिळून 60 लिटर धरा. तळाशी सावरायला 2 मिनिटं: 60 × 4.5 × 2 = 540 लिटर. 35 वरून 6 मीटरपर्यंत मिनिटाला 9 मीटरने चढायला 3 मिनिटांहून थोडं जास्त, सरासरी दाब 3 बार: सुमारे 600. 6 मीटरवर 3 मिनिटं थांबायला 290. एकूण साधारण 1450 लिटर.

12 लिटरच्या एका टँकला हे 120 बार होतात. 230 बार भरलेला असला तरी हाताशी 110 बार, म्हणजे 1300 लिटर, म्हणजे 35 मीटरवर उतरण्यासकट 14 मिनिटं. क्रूझरच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) ब्रिजपर्यंत जाईतो परतायची वेळ. 15 लिटरचा असेल तर 97 बार राखीव आणि 22 मिनिटं. दोन 12 लिटरला राखीव 60 बारच, आणि तळाचा वेळ मग हवा नव्हे, अंगात मुरणारा नायट्रोजन ठरवतो. राखीव बार गेजवर कितीला येतात ते स्लेटवर लिहूनच उतरा.

गॅस म्हणाल तर क्रूझरसाठी 30 टक्के नायट्रॉक्स चपखल बसतो. ऑक्सिजनचा दाब 1.4 बार धरला तर मर्यादा 36 मीटर, आणि 35 मीटरची डुबकी नायट्रोजनच्या हिशोबाने 30 मीटरची होते. सवयीने 32 टक्के मागाल तर मर्यादा 33 मीटरलाच संपते, क्योल्नचा तळ त्याच्या खाली आहे. मार्कग्राफसाठी 25 टक्के. टँक स्वतः ॲनालायझरवर तपासायचा, टक्केवारी आणि मर्यादा टेपवर लिहून टँकवर चिकटवायची.

आपल्याकडचं एक खास. 42 अंशांच्या सावलीत 230 बार दाखवणारा टँक 8 अंशांच्या पाण्यात गेला की 205 दाखवतो. हवा गळत नाही, फक्त गार झालेली असते. पण गणित करायचं ते 205 वर.

पांझराकाठ (धुळे)

नाना, ताई, फिटरभाऊ, शिरपूरकर, मनापासून आभार. दोन टँक आणि ड्रायसूट, हे पक्कं. बोटीवर ट्विनसेट (जोडटँक) भाड्याने मिळतात, त्यामुळे टँक नेणार नाही. आता सरावाचं आणि आत शिरण्याचं सांगा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, विहिरीचं पाणी खाली गार असतं, सत्तर-ऐंशी फूट खोली मिळते, तर तिथेच करू.

नाना_रावेर

विहीर नको, दादा. सबमर्सिबलची केबल आणि पाइप लटकत असतात, इन्सुलेशन गेलेलं असेल तर पाण्यात करंट उतरतो. मोटर बंद आहे असं म्हणून चालत नाही, ऑटो-स्टार्टर लाइट आली की स्वतःच चालू होतो. पाण्याच्या वर, विहिरीच्या तोंडाशी वारा नसेल तर खराब हवा साठते, रेग्युलेटर काढला की तीच छातीत जाते. बेशुद्ध माणसाला 15 मीटर उभ्या भिंतीवरून दोराने वर काढायला किती वेळ लागेल ते आधी बघा.

हतनूरला 41 दरवाजे आहेत आणि विसर्ग केव्हा वाढेल ते आपल्या हातात नाही. दरवाजांच्या अंगाला कधीच नाही. उकाईच्या फुगवट्यात बुडालेली झाडं आणि मासेमारीची जाळी आहेत. कुठल्याही धरणात पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी लागते, आणि तरी दिसणं हातभर.

खान्देशात करण्यासारखं म्हणजे पोहण्याचा तलाव, डिसेंबर-जानेवारीत पहाटे. ड्रायसूट, पण आत फक्त पातळ थर. पूर्ण अंडरसूट घालून 25 अंशांच्या पाण्यात राबलात तर उष्माघाताची पाळी येईल. तिथे एवढं घोटून घ्या: उलटं होऊन सरळ होणं, इन्फ्लेटरची होज काढणं, मोजे घालून व्हॉल्व बंद करणं, डोळे मिटून बडीचा ऑक्टोपस शोधणं, एका जागी तरंगत डीएसएमबी (पृष्ठभागावर जाणारा खुणेचा फुगा) सोडणं. बेडूक-किक आणि मागे जाण्याची किकही. पाय खाली मारणारा माणूस जहाजावर गाळ उडवतो आणि मागच्या सगळ्यांचं दिसणं घालवतो.

मग स्कॉटलंडच्या आधी तीन-चार दिवस इंग्लंडमधल्या स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या खाणीत घालवा. खोली 35 मीटरपर्यंत, आणि 20 मीटरच्या आसपास स्टॅनेगार्थ नावाची टगबोट मुद्दाम बुडवून ठेवली आहे. ड्रायसूटचा कोर्स पण तिथे होईल.

ताई_चोपडा

सरावात एक गोष्ट घरी होते, ती जरूर करा. बर्फाची लादी आणा, मोठ्या परातीत फोडा, पाणी घाला, थर्मामीटर 10 अंशांवर येऊ द्या. ओले हातमोजे घालून दोन्ही हात मनगटापर्यंत दहा मिनिटं बुडवा. मग बाहेर काढून लगेच: बोल्ट-स्नॅप (आकडा) डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) लावा आणि काढा, रीलचा लॉक सोडा, दोन हात दोर काढून परत गुंडाळा, स्लेटवर पेन्सिलने गेजचा आकडा लिहा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना सापडत नाहीत, स्नॅपचं बटण दाबलं गेलंय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. ज्या वस्तू या बोटांनी हाताळता येत नाहीत त्या बदला. छोटे स्नॅप काढून मोठ्या बटणाचे लावा, गेजच्या होजला हाताने पकडता येईल असा लूप बांधा, सुऱ्या-कात्र्या दोन्ही हातांनी पोचतील तिथे ठेवा. गारठ्याने बोटं पांढरी पडण्याचा त्रास किंवा हृदयविकार असेल त्यांनी हे करू नये.

तापी_निम

आत शिरण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत. क्रूझरच्या कुशी जागोजागी उघड्या आहेत, भंगारवाल्यांनी इंजिनरूमपाशी सुरुंग लावून कडा उडवलेल्या आहेत. पलीकडचा उजेड दिसत असेल तर आरपार जायला काय हरकत?

नाना_रावेर

निमभाऊ, उजेड दिसतो तो पहिल्या माणसाला. त्याचे बुडबुडे छताला लागले की गंजाचे पापुद्रे खाली झडतात, तिसऱ्या माणसापर्यंत उजेड गेलेला असतो. सुरुंगाने फाटलेल्या पत्र्यांना धार असते, ड्रायसूट चिरला तर 35 मीटरवर गार पाणी आत आणि तरंगायची हवा बाहेर. भंगारवाले तिथे गेले ते पितळ, तांबं काढायला, आणि 1945 च्या आधीचं, अणुचाचण्यांच्या किरणोत्साराचा अंश नसलेलं पोलादही काढलं गेलं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर भिंत आहे तिथे आज भोक आहे आणि दार आहे तिथे ढिगारा.

जहाजाच्या आत शिरण्याचा कोर्स केला असेल तर असं: दोराची पहिली गाठ बाहेर मोकळ्या पाण्यात, दुसरी दाराच्या आत लगेच, पुढे प्रत्येक वळणाला. दोर ताणलेला, भिंतीच्या कडेने, धार टाळून. हवेचा एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. माणशी तीन टॉर्च. परतताना अंगठा आणि तर्जनीचा गोल दोराभोवती, दोर ओढायचा नाही. कोर्स नसेल तर बाहेरूनच. क्योल्नच्या बाहेरूनच एवढं बघण्यासारखं आहे की आठवडा पुरत नाही. ब्रुमरच्या नाळेकडची 15 सेंटिमीटरची तोफ बघायला आत जावं लागत नाही.

डॉक्टर_अमळनेर

पाचांपैकी चाळिशीच्या वरचे कोण, बीपीची गोळी कोणाला, हे आधी सांगा. थंड पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छातीकडे लोटतं आणि बीपी चढतं. काहींच्या फुप्फुसात पाणी उतरतं, याला इमर्शन पल्मनरी एडीमा म्हणतात. पोहताना दम लागणं, खोकला, छातीत खरखर, थुंकीत गुलाबी फेस ही त्याची लक्षणं. 'रेग्युलेटर जड ओढतोय' असं वाटणं हे पुष्कळदा पहिलं लक्षण असतं. डाइव्ह तिथेच थांबवा, वर या, बसून राहा, ऑक्सिजन द्या, आणि पुन्हा पाण्यात जायच्या आधी हृदयाची पूर्ण तपासणी करा. निघायच्या तीन महिने आधी ईसीजी, इको आणि ट्रेडमिल.

त्याच रक्तामुळे लघवी जास्त होते. म्हणून पाणी कमी प्यायची चूक करू नका, रक्त घट्ट झालं तर डीकंप्रेशनचा आजार (अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) व्हायची शक्यता वाढते. पी-व्हॉल्व (सूटमधून लघवी बाहेर सोडायची झडप) लावा किंवा डायपर घाला, आणि पाणी प्या.

गरम होणारा बंडी-हीटर नेत असाल तर तो तळाशी लावून चढताना बंद करू नका. तळाशी उबदार आणि वर येताना गार, हा क्रम सर्वांत वाईट. तळाशी शरीरात नायट्रोजन भराभर शिरतो, वर येताना गारठलेल्या हातापायांतून तो निघत नाही. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. तळाशी किमान ऊब, 6 मीटरवर जास्त. बॅटरी मध्येच संपणं म्हणजे नेमका वाईट क्रम, म्हणून स्टॉपचा वेळ पुरेल इतका चार्ज ठरवूनच चालू करा.

पांझराकाठ (धुळे)

डॉक्टरसाहेब, दोघं बीपीचे आहेत, तपासण्या लगेच लावतो. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर कधी?

शिरपूरकर

रोज अनेक डाइव्ह झाल्या की किमान 18 तास, आणि डीकंप्रेशनचे स्टॉप घेतले असतील तर त्याहून बरंच जास्त. सरळ 24 तास धरा. शेवटचा दिवस स्ट्रॉमनेस गाव आणि जुनी जहाजं दाखवणारी संग्रहालयं बघण्यात घालवा. हाच नियम मालवणहून गाडीने परतताना लागतो. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली घाट चढलात तर सुमारे 700 मीटरवर, कमी दाबाच्या हवेत पोचता. घाट दुसऱ्या दिवशी. तोरणमाळच्या यशवंत तलावात कोणी सरावाचा विचार करत असेल तर तो तलावच हजार मीटरहून उंचावर आहे, कंप्युटर उंचीच्या सेटिंगला लावल्याशिवाय उतरू नका.

केळीपट्टा

शेवटची शंका. एकाने जानेवारीत ड्रायसूट मागवला तर मेपर्यंत आपल्या उन्हात तो टिकेल का?

ताई_चोपडा

लॅटेक्सचे सील असतील तर जपायला लागेल. 45 अंशांच्या पत्र्याच्या खोलीत ते चिकट होतात, आणि कूलर, इन्व्हर्टर, पंपाच्या मोटरजवळ ओझोनने चिरा पडतात. सूट घरातल्या सर्वांत गार खोलीत, मोटरपासून लांब, सीलवर बिनवासाची टाल्कम पावडर लावून, घडी न घालता जाड हँगरवर टांगा. सुगंधी पावडरीतलं तेल लॅटेक्स खातं. शक्य असेल तर सिलिकॉनचे, रिंगमध्ये बसणारे सील घ्या. फाटले तर बोटीवर दहा मिनिटांत बदलता येतात, फक्त एक जोड जास्तीचा न्यायचा. पितळी चेन असेल तर दातांवर बाहेरून मेण चोळायचं. प्लास्टिकची असेल तर मेण नाही, तिच्यासोबत येणारं ग्रीस फक्त शेवटच्या टोकाच्या खोबणीत. आणि चेन बंद केल्यावर दुसऱ्याला ओढून बघायला सांगायचं. दोन दात उघडे राहिले तरी कार्लस्रूहला पोचेपर्यंत अंडरसूट भिजलेला असतो.